सुटून आलेल्याचा पहिला महिना

नाशिकरोडच्या कारागृहातून सुटलेल्या माणसाला मनमाड, चाळीसगाव करत पाचोऱ्याला यायला सरळ रेल्वे आहे. गाड्या दिवसाही असतात. तरी त्याला रात्रीची गाडी बरी वाटते. स्टेशनवर ओळखीचे कोणी भेटू नये, रिक्षावाल्याने 'कुठे होता इतके दिवस' असे विचारू नये, गल्लीत शिरताना ओट्यावर कोणी बसलेले नसावे, एवढीच त्याची इच्छा असते. हातात एक पिशवी, पिशवीत दोन कपडे आणि सुटकेचा कागद. त्या कागदाप्रमाणे सगळे संपलेले असते. पण दाराची कडी वाजवताना त्याला ठाऊक असते की, कागदावर संपलेली गोष्ट गल्लीत संपलेली नाही.

रमजान महिन्याचे तीन अशरे, म्हणजे दहा-दहा दिवसांचे तीन भाग मानले जातात. पहिला रहमतचा म्हणजे दयेचा, दुसरा मगफिरतचा म्हणजे क्षमेचा आणि तिसरा निजातचा म्हणजे सुटकेचा. शेवटच्या दहा दिवसांत प्रत्येक रोजेदार रात्री जागून, हात पसरून जहन्नमच्या आगीतून सुटका मागतो. स्वतःच्या सुटकेसाठी डोळे ओले करणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी, खरोखर सुटून आलेल्या एखाद्या माणसाला घरी बोलावून चहा पाजला असेल? हा प्रश्न एकट्या मुसलमानांसाठी नाही. तुरुंगात सर्व जातिधर्मांची माणसे असतात आणि सुटल्यावर ती आपापल्या गल्लीतच परत येतात. म्हणून रमजानच्या या पानावर हा विषय सर्वांसमोर ठेवत आहे.

हजरत युसूफ (अ.) यांची गोष्ट

कुरआन शरीफमधील बारावी सूरह हजरत युसूफ (अ.) यांच्या नावाची आहे. बायबल वाचणारे त्यांना योसेफ म्हणून ओळखतात. भावांनी विहिरीत टाकलेला हा मुलगा मिसरमध्ये विकला जातो आणि तरुणपणी खोट्या आरोपावरून तुरुंगात जातो. तिथे दोन कैदी त्याला आपापल्या स्वप्नांचा अर्थ विचारतात. त्यांपैकी एक सुटणार असतो. त्याला युसूफ (अ.) एवढेच सांगतात की, बाहेर गेल्यावर तुझ्या मालकाजवळ माझा विषय काढ. तो माणूस सुटतो, कामावर रुजू होतो आणि विसरतो. त्या विसरण्यामुळे युसूफ (अ.) यांना आणखी काही वर्षे आत काढावी लागतात.

पुढे राजाला स्वप्न पडते, त्याचा अर्थ कोणालाच लागत नाही, तेव्हा त्या माणसाला तुरुंगातला सोबती आठवतो. राजाचे बोलावणे येते. दार उघडे असते, पण युसूफ (अ.) लगेच बाहेर येत नाहीत. माझ्यावरच्या आरोपाची आधी चौकशी करा, असा निरोप ते पाठवतात. चौकशी होते, ते निर्दोष ठरतात. बाहेर आल्यावर ते राजाकडे जमीनजुमला मागत नाहीत, काम मागतात. धान्याच्या कोठारांची व्यवस्था माझ्याकडे द्या, मला त्यातले कळते आणि मी ती सांभाळीन, असे ते सांगतात. दुष्काळात त्याच कोठारांवर लोक जगतात. तेच भाऊ धान्य मागायला येतात, त्यांना माफी मिळते आणि शेवटी म्हाताऱ्या वडिलांची भेट होते.

क्रम पाहा. आधी नाव, मग काम, मग घर. तुरुंगातून आलेल्या माणसाला आजही याच तीन गोष्टी लागतात. आणि गोष्टीतल्या त्या विसरलेल्या सोबत्याची जागा आज आपण, म्हणजे बाहेर असलेली माणसे, भरत असतो.

नाव

'आत जाऊन आला' या तीन शब्दांत गल्ली सगळ्यांना एकाच मापाने मोजते. कायदा तसे मोजत नाही. देशातील कारागृहांच्या २०२२ च्या सरकारी अहवालाप्रमाणे त्या वर्षअखेर सुमारे ५ लाख ७३ हजार माणसे तुरुंगांत होती. त्यांपैकी सुमारे ४ लाख ३४ हजार, म्हणजे चारांतले तीन, कच्चे कैदी होते. त्यांचा खटला अजून चालू होता, गुन्हा शाबीत झालेला नव्हता. यातले काही पुढे निर्दोष सुटतात. काहींना जामीन मंजूर होऊनही हमीदार मिळत नाही म्हणून आत राहावे लागते. आपल्याकडे जळगावच्या जिल्हा कारागृहातून जामिनावर आलेला तरुण आणि लांबची शिक्षा भोगून मध्यवर्ती कारागृहातून आलेला माणूस यांत मोठा फरक आहे. पण मुलीच्या स्थळाची चौकशी करणारे, खोली भाड्याने देणारे आणि कामावर ठेवणारे दोघांना एकच उत्तर देतात.

खरे तर तुरुंग हा शब्द खान्देशाला वेगळ्या अर्थानेही माहीत आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी सोबतच्या कैद्यांना दर रविवारी गीता सांगितली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. 'गीता प्रवचने' त्यातून झाली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली. ते कैदी देशासाठी आत गेले होते. चोरी-मारामारीच्या गुन्ह्यातला माणूस आणि ते एका पंगतीत बसवता येणार नाहीत. पण गजांच्या आत माणूस संपत नाही, तिथे तो शिकतो, ऐकतो, बदलतो, याचा दाखला आपल्या प्रांतातच आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ज्याच्या घरी चोरी झाली, ज्याच्या भावावर वार झाला, तोही याच गावात राहतो. त्याच्या वतीने माफी देण्याचा अधिकार मला किंवा तुम्हाला नाही. इस्लाममध्ये याला 'हुकूकुल इबाद' म्हणतात, म्हणजे माणसांचे माणसांवरील हक्क. नमाज-रोजा चुकला तर अल्लाह माफ करील; पण दुसऱ्याचे नुकसान केले असेल तर त्या माणसाने माफ केल्याशिवाय किंवा त्याची भरपाई झाल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही, अशी शिकवण आहे. म्हणून सुटून आलेल्याला आधार देणे म्हणजे त्याचा गुन्हा पुसणे नव्हे. उलट, ज्याच्या हाताला काम आहे तोच कधी तरी भरपाई करू शकतो. रिकाम्या हाताचा माणूस माफी मागायलाही जात नाही.

नावाच्या बाबतीत कायद्याने काही दारे उघडी ठेवली आहेत, ती पुष्कळांना माहीत नसतात. तुरुंगात असलेल्या कोणालाही, त्याचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे. त्यासाठी न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो, नाहीतर १५१०० या क्रमांकावर विचारता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याच्या सुटकेचा विचार करावा लागतो. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले यात येत नाहीत. १८ वर्षांखालील मुलाच्या हातून गुन्हा झाला आणि बाल न्याय कायद्याप्रमाणे त्याचे प्रकरण चालले, तर २०१५ च्या त्या कायद्याचे कलम २४ सांगते की, सर्वसाधारणपणे त्या प्रकरणामुळे पुढे त्याला कोठेही अपात्र ठरवता येणार नाही. परिविक्षेवर, म्हणजे चांगल्या वर्तनाच्या हमीवर सुटलेल्यालाही १९५८ च्या कायद्यात असेच संरक्षण आहे. गल्लीतल्या शिकलेल्या एखाद्या पोराने एवढे वाचून एका आईला समजावून सांगितले तरी ते मोठे काम आहे.

काम

जंगे बद्र १७ रमजान, हिजरी सन २ मध्ये, म्हणजे इसवी सन ६२४ मध्ये झाली. सुमारे ७० कैदी मुसलमानांच्या हाती आले. मदीनेत रोटी कमी आणि खजूर जास्त. तरी अन्सार लोक स्वतः खजुरावर भागवत आणि रोटी कैद्यांना देत, असे पुढे एका कैद्यानेच सांगितल्याची नोंद आहे. ज्यांच्याकडे खंडणी भरायला पैसे होते ते पैसे देऊन सुटले. ज्यांच्याकडे पैसे नव्हते पण लिहितावाचता येत होते, त्यांना सांगण्यात आले की, मदीनेच्या दहा-दहा मुलांना अक्षरे शिकवा आणि जा. कालपर्यंत तलवार घेऊन समोर उभा असलेल्या शत्रूच्या हाती आपली मुले शिकायला दिली गेली. त्याला काय येते हे आधी पाहिले गेले आणि त्या कौशल्यावर त्याची सुटका ठरवली गेली.

महाराष्ट्रात याच विचाराचा एक प्रयोग ८० वर्षांहून अधिक काळ चालू आहे. सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर तेव्हा औंध संस्थानात होते. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने राज्यकारभार लोकांच्या हाती देणारी घटना लागू केली. त्याच वर्षी पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून तिथे कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. उंच तट नाही, कोठड्या नाहीत. कैद्याने शेती करायची, पिकवायचे आणि बायकामुलांसह तिथेच राहायचे. आटपाडी तालुक्यातल्याच माडगुळ्याचे ग. दि. माडगूळकर यांनी यावर कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. पाचोऱ्यात तो चित्रपट न पाहिलेला जुना माणूस सापडणे कठीण. पण त्यातली वसाहत खरी आहे आणि अजून चालू आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पुढे पैठण, येरवडा, मोर्शी येथेही खुली कारागृहे झाली. माणसाला काम आणि त्याचे कुटुंब दोन्ही दिले, तर तटाची गरज कमी होते, एवढे स्वतंत्रपूरने दाखवून दिले.

बंद कारागृहांतही काम असते. नाशिकच्या बंद्यांनी घडवलेल्या गणेशमूर्तींना दरवर्षी मागणी असते. सुतारकाम, शिवणकाम, विणकाम, बेकरी यांचे कारखाने मोठ्या कारागृहांत चालतात. २०२३ मध्ये मजुरी वाढली तेव्हा कुशल बंद्याला दिवसाला ७४ रुपये, अर्धकुशल ६७, अकुशल ५३ आणि खुल्या कारागृहात ९४ रुपये असा दर झाला. म्हणजे पाच-सात वर्षे आत काढलेला माणूस पैसा फारसा आणत नाही, पण शिस्तीने आठ तास काम करायची सवय आणि हातात एखादी कला घेऊन येऊ शकतो.

बाहेर आल्यावर तीच कला अडते. दुकानदार विचारतो, आधी कुठे काम करत होता? उत्तर देणे अवघड. खोटे सांगावे तर पकडले जाण्याची भीती, खरे सांगावे तर 'नंतर या'. सुरक्षारक्षकाच्या नोकरीला, रिक्षाच्या बॅजला पोलिसांची चारित्र्य पडताळणी लागते. मग उरते ती जुनी संगत. ती मात्र कसलाही दाखला मागत नाही, पहिल्याच दिवशी खिशात पैसे घालते. पुन्हा तुरुंगात जाण्याचा रस्ता पुष्कळदा या पहिल्या महिन्यातच ठरतो.

मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगातल्या आणि सुटून आलेल्या माणसांसाठी काम करतो. सुटलेल्याला एकदम धकाधकीच्या नोकरीत न ढकलता, आधी एखाद्या ओळखीच्या सामाजिक संस्थेत काही काळ कामाला लावायचे, थोडे मानधन द्यायचे, वेळेवर येण्याची आणि वरिष्ठांशी बोलण्याची सवय परत लागू द्यायची, त्याचे कागदपत्र तयार करायचे आणि मग बाहेर नोकरी शोधायची, ही त्यांची एक रीत. यातून शिकण्यासारखे आहे ते हे की, मध्ये एक पायरी लागते. तुरुंगातून थेट बाजारात उडी नको.

पाचोऱ्यासारख्या गावात ही पायरी बांधायला मोठी संस्था लागत नाही. जिनिंगचा हंगाम आहे, केळी आणि लिंबाची तोडणी आहे, गॅरेज आहेत, वेल्डिंगची दुकाने आहेत, मंडप, बेकरी, फर्निचर, शिलाई आहे. दुकानदाराची भीती खरी असते, तिची टिंगल करू नये. तिला उत्तर देता येते. एका महिन्याच्या ठरावावर ठेवा. पहिल्या दिवसापासून गल्ल्यावर बसवू नका. चार माणसांत होणारे काम द्या. मजुरी इतरांइतकीच द्या आणि शक्यतो बँकेत जमा करा, म्हणजे सहा महिन्यांनी त्याच्याकडे कमाईचा लेखी पुरावा होईल. कोर्टाची तारीख किंवा पोलिस ठाण्यात हजेरी असेल तर त्या दिवशी न कुरकुरता सुट्टी द्या. तारीख चुकली की वॉरंट निघते आणि सगळे केलेले पाण्यात जाते. आणि त्याची हकीकत कामावरच्या दहा जणांना सांगू नका. मालकाला माहीत असणे पुरे.

घर

काम एखादा मालक देऊ शकतो. घर परत मिळवणे त्याहून अवघड. कच्चा कैदी जळगावला असेल तोवर घरचे माणूस मुलाखतीला जाऊन संध्याकाळी परत येते. शिक्षा लागून नाशिकरोड किंवा त्याहून लांब रवानगी झाली की भेटीचा पूर्ण दिवस जातो. मजुरी बुडते, गाडीभाडे लागते, मुलाला शाळेतून न्यावे की नाही हा प्रश्न असतो. वकिलासाठी घेतलेले कर्ज डोक्यावर असतेच. हळूहळू भेटी महिन्यावरून तीन महिन्यांवर आणि तिथून सणावारावर जातात. बाई तुरुंगात असेल तर भेटायला येणारे आणखी कमी. तिचे घर पुष्कळदा पहिल्याच वर्षी मोडते.

शिक्षाबंदीला संचित रजा आणि अभिवचन रजा, म्हणजे फर्लो आणि पॅरोल, मिळू शकते. पण त्यासाठी बाहेर कोणी तरी नातेवाईक हमी द्यायला आणि घरात ठेवून घ्यायला तयार असावा लागतो. घराने पाठ फिरवली की रजाही जाते, आणि रजा गेली की घराशी उरलेला धागाही तुटतो. हे ओळखून महाराष्ट्राच्या कारागृहांनी 'गळाभेट' नावाचा उपक्रम केला. एरवीच्या मुलाखतीत मध्ये जाळी किंवा काच असते. गळाभेटीच्या दिवशी बंद्याला आपल्या मुलांना प्रत्यक्ष जवळ घेता येते, शेजारी बसवून बोलता येते. ज्या मुलाने बापाला वर्षानुवर्षे जाळीपलीकडे पाहिले, त्याला त्या स्पर्शाचे मोल सांगावे लागत नाही.

पैशाची बाजूही आहे. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने १ मे २०२२ रोजी येरवडा कारागृहातून 'जिव्हाळा' नावाची कर्ज योजना सुरू केली. शिक्षा भोगत असलेल्या बंद्याला त्याच्या तुरुंगातील कमाईवर, जामीनदाराशिवाय ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज ७ टक्के व्याजाने, अशी ती योजना. मुलीची फी, घराची दुरुस्ती, आईचे औषध यांसाठी आत असलेल्या माणसाला घराला हातभार लावता यावा, हा तिचा हेतू. घरात आपला काही उपयोग आहे ही जाणीव टिकली, तर परत येण्याची ओढही टिकते. आई किंवा वडील तुरुंगात असलेल्या मुलांचा समावेश राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत होतो. पात्र मुलाला महिन्याला २,२५० रुपये मिळतात. त्यासाठी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करावा लागतो. तिथेच जिल्हा परिविक्षा अधिकारी असतात. सुटून आलेल्या बंद्यांच्या पुनर्वसनाच्या मदतीची चौकशी त्यांच्याकडे करता येते.

माणूस परत आल्यावर पहिले काही दिवस घरातल्यांनाही सांभाळावे लागतात. बायकोने इतकी वर्षे एकटीने घर चालवलेले असते. आता एकदम हुकूम सोडणारा कोणी आला तर तिला ते सोसत नाही. मुले परकी झालेली असतात. शेजारच्या वडीलधाऱ्या चाचाने किंवा काकूने मध्ये बसून दोघांचे ऐकून घेतले, तर पुष्कळ घरे तरतात. हे काम पोलिस, कोर्ट, सरकार यांपैकी कोणालाही जमणारे नाही. ते शेजाऱ्याचेच आहे.

जकातीचा हिशेब

साडेबावन्न तोळे चांदी किंवा साडेसात तोळे सोने यांच्या किमतीइतकी बचत वर्षभर ज्याच्याकडे राहिली, त्याने अडीच टक्के जकात द्यायची, हे प्रत्येक मुसलमान जाणतो. कुरआनात जकात कोणाला द्यावी याचे आठ वर्ग सांगितले आहेत. गरीब आणि गरजू हे पहिले दोन. पण पुढे मान सोडवण्यासाठी, म्हणजे बंधनात असलेल्यांच्या मुक्ततेसाठी, असा एक वर्ग आहे आणि कर्जात बुडालेल्यांचाही एक वर्ग आहे. आपल्याकडे जकात बहुतेक रेशनच्या किटमध्ये आणि मदरशाच्या पावतीत संपते. ते वाईट नाही. पण या दोन वर्गांपर्यंत आपला हात क्वचितच पोहोचतो.

समजा, पाचोऱ्यातल्या एका दुकानदाराची ८ लाखांची बचत आहे. त्याची जकात २० हजार निघते. त्यातून शिवणकाम शिकून आलेल्या गरीब माणसाला स्वतःच्या मालकीची शिलाई मशीन मिळू शकते, किंवा हातगाडी, किंवा गवंडीकामाची आणि सुतारकामाची हत्यारे. एखाद्या घराने वकिलासाठी काढलेले सावकारी कर्ज हलके होऊ शकते. मात्र एक मसला लक्षात ठेवावा. आपल्याकडे कामाला ठेवून त्याची मजुरी जकातीतून देता येत नाही. मजुरी त्याच्या घामाची आहे, ती आपल्या खिशातून. जकात गरजूच्या मालकीची करून द्यायची, त्या बदल्यात काम घ्यायचे नाही. मुस्लिमेतर गरजूला जकातीतून द्यावे का, याबद्दल उलेमांची मते वेगळी आहेत. तो प्रश्न आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारावा. सदका, म्हणजे ऐच्छिक दान, मात्र कोणत्याही धर्माच्या माणसाला देता येते, त्यात अडचण नाही.

जामिनाची किंवा दंडाची रक्कम भरता येत नाही म्हणून आत राहिलेल्यांसाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये गरीब कैदी सहाय्य योजना आणली. २०२३ च्या नियमांप्रमाणे कच्च्या कैद्याला जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि शिक्षाबंदीला दंडासाठी २५ हजारांपर्यंत मदत मिळू शकत होती. जिल्ह्याची समिती त्यावर निर्णय घेते. काही गंभीर कायद्यांखालील गुन्ह्यांना ती लागू नाही. अशी योजना असताना केवळ पाच-दहा हजारांसाठी कोणाचा मुलगा आत असेल, तर तिथे पैशाआधी माहिती पोहोचवण्याची गरज आहे. हमीदार म्हणून उभे राहणे ही मोठी जबाबदारी आहे. ती भावनेच्या भरात घेऊ नये. पण ज्याला आपण लहानपणापासून ओळखतो आणि ज्याच्या घरच्यांवर आपला विश्वास आहे, त्याच्यासाठी विचारच करायचा नाही, हेही बरे नव्हे.

एका मोहल्ल्याला, एका कॉलनीला किती जमेल? फार मोठा आकडा धरू नये. वर्षाला एक माणूस. त्याच्यासाठी तीन जण पुरे: एक काम देणारा, एक कागदपत्रे आणि कोर्टाच्या तारखा सांभाळणारा, एक घरच्यांशी बोलणारा. यातला एक मशिदीतला असावा, एक गणेश मंडळातला असला तरी चालेल. तुरुंगात सहरी-इफ्तारची सोय होते तेव्हा हिंदू बंदीही रोजा ठेवतात, अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो. भिंतीच्या आत जे जमते ते बाहेर जमायला हरकत नाही.

हिजरी सन ८ च्या रमजानमध्येच मक्का जिंकली गेली. ज्यांनी वीस वर्षे छळ केला ते लोक मान खाली घालून समोर उभे होते. त्या वेळी पैगंबर मुहम्मद (सल्ल.) यांनी हजरत युसूफ (अ.) यांनी आपल्या भावांना जे सांगितले होते त्याचीच आठवण करून दिली आणि, आज तुम्हाला कोणी दूषण देणार नाही, असे म्हणून त्यांना मोकळे केले. तो अधिकार ज्याच्यावर अन्याय झाला होता त्याचा होता, आणि त्याने तो माफीसाठी वापरला. आपल्यातल्या बहुतेकांवर तर सुटून आलेल्या त्या माणसाने काहीच अन्याय केलेला नसतो. आपल्याला माफ करायचे नसून फक्त दूषण द्यायचे थांबायचे असते.

ईदच्या सकाळी शीरखुर्म्याचे डबे घरोघर जातात. शेजारी हिंदू, जैन, बौद्ध घरांतही ते पोहोचतात, ही पाचोऱ्याची जुनी रीत आहे. या वर्षी एक डबा अशा घरी जाऊ द्या जिथला कोणी आत आहे, किंवा नुकताच परत आला आहे. दारातून देऊन परतू नका. पाच मिनिटे बसा, म्हातारीची तब्येत विचारा, मुलगा कितवीत आहे ते विचारा. खटल्याबद्दल काही विचारू नका. आणि उठताना एवढेच सांगा, की ईदनंतर सोमवारी दुकानावर येऊन भेट, कामाचे पाहू.